चाचीच्या मळ्यातली माणसं

चप्पल बांधाच्या अलीकडे काढायची, हा चाचीचा पहिला नियम. कोणी असो, जोंधळ्याएवढीही सूट नाही. एकदा तलाठी आले होते, त्यांनाही बूट-मोजे काढून बांधावरच्या बादलीत पाय धुवावे लागले. गावातल्या लोकांना वाटायचं, हिची काहीतरी मन्नत असेल. कारण अगदी साधं होतं. दुसऱ्याच्या शेतातली माती तिला आपल्या मळ्यात नको होती.

"माणूस येवू दे," ती म्हणायची, "पण त्याच्या पायाची माती कुठं कुठं फिरून आली, ते काय मला ठाव हाय?"

रोह्याच्या एका औषध कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा मी शहराला लागूनच असलेल्या वरश्यात चाचीची खोली भाड्याने घेतली. तिच्या घराच्या मागे चार खोल्यांची चाळ होती आणि चाळीच्या मागे कालव्यापर्यंत तिचा मळा. नवरा आणि दोन्ही मुलगे आखातात. घर, खोल्या, मळा, दोन म्हशी, सगळं ती एकटी बघायची. साठीच्या आसपासची, उंच, काटक बाई. डोक्यावरची ओढणी कानामागे खोचलेली आणि नखांत कायम माती.

खोली द्यायच्या आधी तिने माझी अर्धा तास उलटतपासणी केली. कुठली? पेणची. वडील काय करतात? गणपतीच्या कारखान्यात रंगकाम. तू कंपनीत काय करतेस? मी सांगितलं, मी मायक्रोबायॉलॉजी शिकले आहे, औषधांत जंतू नाहीत ना ते तपासते.

"म्हणजे जंतू मारतेस?"

"मारत नाही. शोधते. नसले की कंपनी खूश."

चाचीने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "आणि असले की मी खूश," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिचा दुसरा नियम कळायला आठवडा लागला. भाडेकरूंनी कपड्यांचं साबणाचं पाणी मळ्याकडच्या चरात सोडायचं नाही. पुढच्या गटारात सोडायचं, बादली उचलून नेऊन. तिसऱ्या खोलीतल्या जोडप्याने दोनदा आळस केला, तिसऱ्या वेळी चाची त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझी माणसं मारतेस काय गो? तुझ्या घरात मी फिनेल वतलं तर चालंल?" ती बाई घाबरून माझ्याकडे विचारायला आली, मळ्यात कोण माणसं राहतात म्हणून.

मी सुरुवातीला तिला 'तुम्ही' म्हणायचे. एकदा तिने शेणाचं टोपलं खाली ठेवून मला सांगितलं, "तुम्ही-बिम्ही कंपनीत. इथं तू." तेव्हापासून तू.

चाची बटाटा लावायची, हेच मुळात आमच्याकडे वेडेपणाचं लक्षण. रोह्यात भात काढल्यावर लोक वाल लावतात, कालव्याचं पाणी असेल तर वांगी, मिरची, भेंडी. बटाटा घाटावरचा, थंडीतला. तो आमच्या दमट हवेत कशाला येईल? पण चाचीचा नवरा पहिल्यांदा परदेशी गेला त्या वर्षी तिने घरातले मोड आलेले चार बटाटे मळ्याच्या कोपऱ्यात पुरले होते आणि त्यांना बटाटे लागले होते. लिंबाएवढेच, पण लागले. शेजारचा नामाकाका, ज्याची वांगी तिच्या मळ्याला लागूनच होती, तो ते बघून इतका हसला म्हणे, की चाचीने दरवर्षी बटाटा लावायचं ठरवलं. मी तिथे राहायला गेले तोवर अर्धा मळा बटाट्याचा झाला होता आणि नामाकाकाच्या घरीही तेच बटाटे शिजत होते.

तिचं सगळं लक्ष मात्र बटाट्यापेक्षा मातीवर. भाताचा तूस, म्हशीचं कुजलेलं शेण, गोळा केलेला पाला, सगळं ती मातीत घालायची आणि रोज सकाळी एक चिमूट उचलून वास घ्यायची. पिशवीतली खतं ती वापरायची, पण हात आखडून. दोन वर्षं एका जागी बटाटा लावायची नाही. "चाळीतली खोली रिकामी ठेवली का वायट भाडेकरू घुसतो," असं तिचं शास्त्र होतं. "चांगल्या माणसांनी भरलेली आसली का त्याला जागाच मिळत नाय. जमिनीचं तसंच."

हे ऐकलं तेव्हा मी बांधावरच खाली बसले. दोन वर्षं एमएस्सीला मी हेच शिकले होते, वेगळ्या आणि फार लांब शब्दांत. आमच्या पेणच्या घरी माती म्हणजे शाडू. चाळलेली, मळलेली, खडा नाही, मुंगी नाही. त्यात जिवंत काही नसलेलंच बरं. जिवंत मातीबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, तिच्यात पाय घालून उभी पहिल्यांदा वरश्यात राहिले.

त्या उन्हाळ्यात चाचीने विचारलं, "तुमी ते जंतू शोधता कसे? मला दाव माझ्या मातीतले."

कंपनीच्या प्रयोगशाळेत माती नेणं म्हणजे नोकरी घालवणं. पण मी म्हटलं, घरी करू. लागतं काय? उकडलेल्या बटाट्याचं पाणी, थोडी साखर आणि ते गोठवायला चायना ग्रास. चाची हसायलाच लागली. रमजानमध्ये दुधाची खीर गोठवायला तिच्या डब्यात चायना ग्रास असायचंच. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तो काढा केला, कुकरमध्ये शिट्ट्या काढून निर्जंतुक केला, काचेच्या उकळलेल्या वाट्यांत ओतला आणि वर बशा झाकल्या. तीन वाट्या. एकीत चाचीच्या मळ्यातली माती, पाण्यात पुन्हा पुन्हा पातळ करून एक थेंब. दुसरीत नामाकाकाच्या वांग्यांच्या रानातली, जिथे वर्षानुवर्षं वांग्यावर वांगीच होती आणि दर आठवड्याला फवारणी. तिसरीत नुकत्याच भाजलेल्या राबाची. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात.

चार दिवस त्या वाट्या चाचीच्या कपाटात, चांगल्या कपबश्यांच्या शेजारी होत्या. उघडू नको, असं मी तिला दहा वेळा बजावलं होतं. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर ती वाट्या खिडकीत ओळीने मांडून, काचेतून बघत बसलेली.

राबाच्या वाटीत मोजून सात-आठ पांढरे ठिपके. नामाकाकाच्या वाटीत त्याहून बरे, पण बहुतेक एकाच जातीचे. आणि चाचीच्या वाटीत बोट ठेवायला जागा नव्हती. पिवळे, गुलाबी, मलईसारखे, खडूच्या भुकटीसारखे, एकाला लागून एक.

"एवढी?" ती हळू आवाजात म्हणाली.

"एका थेंबात. तोही पातळ केलेल्या."

चाचीने वाटी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "राब भाजतात त्यांना मी नावं नाय ठेवत. तण मरतं, रोप चांगलं येतं. माझी आई पण भाजायची. पण बटाट्याच्या जागेला मी काडी लावत नाय, ते का, ते मला आज दिसलं."

त्या रात्री तिने दुबईला व्हिडिओ कॉल लावला आणि नवऱ्याला वाटी दाखवली. तो बिचारा विचारत राहिला, जेवण खराब झालंय काय म्हणून.

मी तिला एक गोष्ट तेव्हाच सांगितली होती. वाटी भरलेली आहे म्हणून सगळे भले आहेत असं नाही. या गर्दीत एखादा चोर असू शकतो. चाची म्हणाली, "माझ्यात नाय." अभिमान तिला शोभायचा, पण तो जरा जास्तच होता.

चोर पुढच्याच हिवाळ्यात आला.

त्या वर्षी उकाड्यात तिचं घरचं बियाणं सडलं. दरवर्षी ती पडवीत वाळूवर बटाटे पसरून ठेवायची, त्या वर्षी अर्धेअधिक गेले. म्हणून तिने बाजारातून बियाण्याचे बटाटे आणले. दिसायला चांगले, टणक. एका दुपारी ओटीवर विळी मांडून तिने सगळे कापले, प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवून. अर्ध्या फोडी स्वतःला. अर्ध्या कातकरवाडीतल्या पाच बायकांना. यमुना त्यांतली मुख्य. वर्षानुवर्षं चाचीच्या भाताच्या लावणीला यायची, आणि चाचीनेच मागे लागून तिला ओढ्याकाठच्या तुकड्यात बटाटा लावायला तयार केलं होतं.

दीड महिन्यांनी चाचीच्या मळ्यातली काही रोपं दुपारी माना टाकायला लागली. संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. नामाकाका म्हणाला, पाणी कमी पडतंय. चाचीने पाणी वाढवलं. तीन दिवसांत चार रोपांची वीस झाली. पानं पिवळी न पडता, हिरवीच्या हिरवी सुकत होती.

रविवारी मी घरी होते. एक सुकलेलं रोप उपटलं, खोडाचा तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टोक बुडवून धरला. चाची माझ्यासमोर उकिडवी बसली होती. मिनिटभरात कापलेल्या टोकातून पांढरा धागा सुटला, उदबत्तीच्या धुरासारखा, फक्त खाली जाणारा. मग दुसरा. पाणी दुधाळ होत गेलं.

"हे काय गो?"

"जंतू. मर रोगाचा. खोडातल्या नळ्यांत भरलाय, म्हणून पाणी वर चढत नाही."

"आला कुठनं?"

मला सांगणं जड गेलं. "बहुतेक बियाण्यातून. एखाद-दोन बटाट्यांत असेल. बाहेरून दिसत नाही. मग विळीवरून बाकीच्यांना लागला. आणि पाण्याबरोबर पुढे."

चाची ग्लासाकडे बघत राहिली. माणसाच्या पायाची माती धुऊन घेणारी बाई ती. "म्हणजे मीच आणला," ती म्हणाली, "आणि मीच वाटला."

पुढच्या तासाभरात तिने जे केलं ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. आधी ती मळ्याच्या खालच्या टोकाला गेली, जिथून तिचं पाणी नामाकाकाच्या वांग्यांत उतरायचं. ती मोरी तिने हाताने चिखल लावून बंद केली. मग नामाकाकाला हाक मारली आणि सरळ सांगितलं, की माझ्या मळ्यात रोग आहे, तो वांग्यालाही लागतो, आठवडाभर माझं पाणी तुझ्यात उतरलंय.

नामाकाका लाल झाला. "आणि हे आता सांगतेस?"

"आता कळलं. आता सांगते."

तो बरंच बोलला. तिच्या बटाट्याला, शेणाला, चपलांच्या नियमाला, सगळ्याला नावं ठेवली. चाचीने तोवर मोरीवर चिखलाचा आणखी एक थर दिला. त्याचं संपल्यावर म्हणाली, "तुझ्या वरच्या दोन ओळी बघ. सुकलेलं दिसलं तर मुळासकट काढ. आणि ते हत्यार उकळल्याबिगर दुसऱ्या झाडाला लावू नको."

मग तिने तो ग्लास, एक रोप आणि एक चाकू पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चल वाडीवर."

मी वाटेत म्हटलं, त्यांनी आठवडाभर उशिरा लावलंय, त्यांच्याकडे अजून काही दिसत नसेल. एक-दोन दिवस थांबून बघू का? ती चालता चालता थांबलीसुद्धा नाही. "माझं नाव खराब व्हायला दोन दिस उशीर होईल, एवढाच फायदा."

यमुनाची रोपं वीतभर वर आलेली, पोपटी, टवटवीत. ती त्यांच्यातच खुरपत होती. बाकीच्या बायका जमल्या. चाचीने सर्वांसमोर ग्लासात पाणी घेतलं, आपल्या मळ्यातल्या रोपाचं खोड कापून धरलं. धागा सुटला. बायका ग्लासाजवळ सरकल्या. यमुनाने चाकू मागितला. मी तो आधी काडीच्या ज्योतीवर धरला, मग दिला. तिने स्वतःचं एक रोप कापून दुसऱ्या पाण्यात धरलं. पाणी स्वच्छच राहिलं.

"माझं साफ हाय," यमुना म्हणाली.

चाचीने माझ्याकडे पाहिलं. मला खरं सांगावं लागलं. आज साफ दिसतंय, पण बियाणं तेच, विळी तीच. आत असेल तर उन्हं वाढली की वर येईल, आणि तोवर जमिनीत उतरलेला असेल. जमिनीत उतरला की वर्षानुवर्षं राहतो.

"आणि नसंल तर?" यमुनाने विचारलं. "चांगली रोपं मी हातानं उपटू? पयल्यांदा बटाटा लावलाय आमी. तूच म्हणलीस लाव."

"मीच म्हणले," चाची म्हणाली आणि बांधावर बसली. "म्हणून मीच आले. रोपं जातील, तुकडा र्‍हाईल. रोपं ठेवलीस आणि रोग निघाला, तर तुझ्या वांग्या-मिरचीला पण जागा र्‍हाणार नाय. माझ्या कणगीतलं भात पाची जणींना देईन. वालाचं बियाणं पुढच्या साली माझं. पण उपट गो."

यमुनाने खुरपं मातीत खोचलं. "तू खोटं नाय सांगत," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तर राग येतो."

मग ती वाकली आणि पहिलं रोप तिनेच उपटलं. पाची तुकडे रिकामे व्हायला ऊन उतरेपर्यंत वेळ लागला. चाची प्रत्येक तुकड्यात होती, एकेक फोड मातीसकट काढत. कुणाच्या शेतात ओळीला किती रोपं लावली होती हे तिला माहीत होतं, एकही फोड मागे राहू दिली नाही. सगळा ढीग ओढ्यापासून लांब खड्ड्यात टाकून जाळला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा अर्धा मळा तसाच उपटला आणि कोपऱ्यात जाळला. काडी तिनेच लावली. मी शिफ्टला निघाले होते, फाटकातून मागे वळून बघितलं तर ती धुराच्या बाजूला उभी होती, ओढणीचं टोक नाकाला लावून.

थोरल्या मुलाचा फोन आला. वरश्यात चहूकडे इमारती उठत होत्या, त्याला मळ्यावर इमारतच हवी होती. "अम्मी, आता तर जमीन पण आजारी पडली. आता तरी ऐक." मी तिथेच भांडी घासत बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तू लहानपणी टायफॉइडनं आजारी होतास," चाची म्हणाली. "मी तुला विकला नाय."

त्यानंतर तीन वर्षं तिने त्या मळ्यात बटाटा, वांगी, टोमॅटो, मिरची यांतलं काही लावलं नाही. पावसाळ्यात भात, आणि पाणी मुद्दाम जास्त दिवस तुंबवून, कारण मी तिला सांगितलं होतं की हा जंतू चिखलात गुदमरतो. हिवाळ्यात वाल, कधी मका. बांधावर उगवणारी कामुन्यांची झुडपंसुद्धा उपटायची, कारण ती वांग्याच्याच भावकीतली. दरम्यान मला पेणच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. महिन्या-दोन महिन्यांनी पेणहून गाडीने रोह्याला जायचे. दरवेळी चाची मला मळ्यावर नेऊन मातीची मूठ हातात द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मी डॉक्टर असल्यासारखी.

चौथ्या वर्षी तिने एक वाफा बटाटा लावला. अख्खे, लहान बटाटे, न कापता. त्या हंगामात मी तीनदा गेले. माना टाकलेलं एकही रोप सापडलं नाही. काढणीच्या दिवशी बटाटे निघाले कोंबडीच्या अंड्याएवढे. यमुना आणि वाडीवरच्या बायका न बोलावता आल्या होत्या. त्यांचे तुकडे निरोगी राहिले होते. नामाकाकाची वांगी मात्र वरच्या दोन ओळींत गेली होती, पुढे नाही. तोही आला, बांधापाशी चपला काढल्या, पाय धुतले, आणि हसला नाही.

गेल्या वर्षी रोह्यात शेतकऱ्यांचा मेळावा झाला. कोकणात बटाटा पिकवणारी बाई म्हणून चाचीला मंचावर बोलावलं, प्रशस्तिपत्रक दिलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी मुद्दाम पेणहून आले होते, दुसऱ्या रांगेत बसले होते. ती काय बोलेल हे कुणालाच सांगता आलं नसतं.

चाचीने माईक हातात घेतला. "पयल्यांदा एक सांगते," ती म्हणाली. "माझ्या मळ्यात रोग आला होता. मी आणला होता. माझ्या विळीनं मी तो पाच घरांत वाटला होता."

मंचावरचे साहेब अस्वस्थ होऊन एकमेकांकडे बघायला लागले. ती थांबली नाही. रोप कसं सुकतं, पाणी वाढवलं तर काय होतं, हत्यार का उकळायचं, पाण्याची मोरी कुठे बंद करायची, जमिनीला भात आणि वाल का द्यायचा, सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. शेवटी म्हणाली, "लपवलं आसतं तर आज माझ्या एकटीचा मळा गेला नसता, आख्ख्या कालव्याचा गेला आसता. बस."

टाळ्या अशा वाजल्या नाहीत. मग मागच्या बाजूने एक वयस्क शेतकरी उभा राहिला, टोपी काढून हातात घेतलेली. "बाई, माझी मिरची दुपारची माना टाकते," तो म्हणाला. "पंधरा दिस झाले. मी कुणाला बोललो नाय." त्याच्या पलीकडचा एक जण म्हणाला, "माझा टोमॅटो पण." तिसऱ्याने नुसता हात वर केला.

चाची मंचावरून पायऱ्या न शोधता सरळ खाली उतरली. त्या शेतकऱ्याजवळ जाऊन विचारलं, शेत कुठलं, पाणी कुठनं येतं, खाली कोणाचं शेत आहे. त्याने सांगितलं. तिने ओढणी कानामागे खोचली.

"चल, दाव," ती म्हणाली. मी उठायला लागले तर मला हाताने बसवलं. "तू बस गो. तुला उद्या कॉलेज हाय. हे मला येतं."

त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून ती निघून गेली. मंचावर अजून भाषणं चालू होती. तिचं प्रशस्तिपत्रक खुर्चीवरच राहिलं होतं. मी ते उचललं आणि संध्याकाळच्या गाडीने पेणला घेऊन आले. द्यायचं म्हणून दोनदा बरोबर नेलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "ठेव तुझ्याकडंच, माझ्या भिंतीला ओल हाय."

आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत लावलंय. वडिलांनी त्याला स्वतः लाकडाची चौकट केली आणि वर सोनेरी रंग दिला, एरवी फक्त मूर्तीच्या मुकुटाला देतात तो.